छत्रीवरचं नाव

बुडापेस्टमधल्या त्या शेवटच्या दिवसाबद्दल मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. शेजारच्या बाई विचारतात, काय काय पाहिलंत? मी म्हणते, नदी पाहिली, पूल पाहिले, पाऊस फार होता. हे खोटं नाही. पण त्या दिवशी मी शहराकडे कमी आणि लोकांच्या छत्र्यांच्या आतल्या बाजूंकडे जास्त पाहत होते, हे त्यांना कसं सांगायचं?

जायचं ठरवलं होतं ते यांनी. हे म्हणजे माझे यजमान. अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात ते अधिकारी होते आणि मी शाळेच्या ग्रंथालयात. निवृत्तीनंतर युरोपातलं एक तरी शहर डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांच्या मनात होतं. आमच्या आवाक्यात बसेल असं त्यांनी शोधून काढलेलं शहर म्हणजे बुडापेस्ट. वर्तमानपत्रांतली कात्रणं, छापून घेतलेले नकाशे, ट्रामचे मार्ग, असं सगळं एका निळ्या फायलीत लावलेलं होतं. निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात ते गेले. फाईल कपाटावर राहिली.

वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी वन्संनी ती खाली काढली. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विठ्ठलवाडी डेपोच्या मागे तीस वर्षं त्यांचं फॉल-पिकोचं दुकान होतं. अर्धी गिऱ्हाइकं सिंधी, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधेच हिंदीचं ठिगळ लागतं आणि घासाघीस करताना तर त्या पूर्ण हिंदीतच शिरतात. त्यांनी फायलीवरची धूळ पदराने पुसली.

"ही काय लोणचं घालायला ठेवलीयेस?"

"राहू दे, वन्सं."

"राहू दे काय? पासपोर्ट आहे ना तुझा? मीपण काढते. चल, जाऊन येऊ."

"आपण दोघीच?"

"मग बँड बोलवू का?"

शिर्डी आणि तिरुपतीपलीकडे न गेलेल्या दोन बायका ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टला गेल्या त्या अशा. बरोबर मेथीचे ठेपले होते, दाण्याची चटणी होती, निळी फाईल होती आणि यांची छत्री होती.

छत्रीबद्दल थोडं सांगायला हवं. लांब, काळी, वाकड्या लाकडी मुठीची छत्री. कारखान्यात पावसाळ्यात फाटकाजवळ सगळ्यांच्या छत्र्या एका पिंपात उभ्या असायच्या आणि सगळ्या काळ्या. यांच्या तीन छत्र्या अशाच दुसऱ्यांच्या घरी गेल्या. चौथी घेतली तेव्हा वन्संच्या दुकानासमोर बसणाऱ्या छत्रीवाल्याकडून त्यांनी तिच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने पूर्ण नाव लिहून घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली 'अंबरनाथ (प.)'. छत्रीवाल्याने नावात पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी दिली. मी ते पाहून चरफडले. हे म्हणाले, "चुकलंय म्हणूनच हरवणार नाही. असं नाव दुसऱ्या कुणाचं असणार?" आणि खरंच, ती एकोणीस वर्षं हरवली नाही.

निघताना वन्सं म्हणाल्या होत्या, "ही लाठी कशाला? मारामारी करायचीय का तिकडे?" पण माझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसल्या. विमानात हवाईसुंदरीने ती वरच्या कप्प्यात आडवी ठेवली तेव्हा मी मान वर करून कितीतरी वेळ तिकडेच बघत होते.

शेवटच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. आपल्याकडच्यासारखा नव्हे. आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हा पडतो. हा बारीक होता, थंड होता आणि त्याला थांबायचं आहे असं वाटत नव्हतं. आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं होतं, म्हणजे जे बघायचं ते आजच. यांच्या फायलीत एक पान होतं, 'पावसाचा दिवस' असं मथळ्याला लिहिलेलं. त्यावर फुकट किंवा स्वस्तात पाहता येण्याजोगी ठिकाणं क्रमाने लावलेली होती. त्या क्रमाने आम्ही निघालो.

मी स्वभावाने भित्री आहे. दिवसभराचा पास एकच, पण तो सांभाळण्याचं दडपण एवढं की दर पाच मिनिटांनी माझा हात गळ्यातल्या पिशवीकडे जाई. पासपोर्ट आहे का, पास आहे का, मोबाईल किती टक्के आहे. पिवळ्या ट्राममध्ये दंडाला पट्टी बांधलेला तपासनीस चढला. पास दाखवताना तो हातातून पडला. तपासनीसाने तो स्वतः वाकून उचलला, माझ्या हातात दिला आणि काही तरी म्हणाला.

"काय म्हणाला?" वन्संनी विचारलं.

"कळलं नाही."

"म्हणाला असेल, एवढं घाबरायला काय झालं, मावशी."

पुलावर वाऱ्याने वन्संची घडीची छत्री उलटी झाली. फुलाफुलांची, उल्हासनगरच्या बाजारातली. दोन काड्या निखळल्या आणि कापड फडफडायला लागलं. वन्संनी ती सरळ करायचा प्रयत्न केला, मग कचऱ्याच्या डब्यात तिला डोकं खाली करून उभी केली.

"गेली बिचारी. आता तुझ्या लाठीचाच आसरा."

आम्ही दोघी एका छत्रीखाली आलो. वन्संच्या गुडघ्यांमुळे चाल हळू. त्या मधे थांबल्या, की मी वर बघायची. आतून पांढरी अक्षरं दिसायची. एकोणीस वर्षांत रंग पिवळट झालाय, पण वाचता येतं. वन्संही बघत असाव्यात.

नदीपासून दोन गल्ल्या आत एक जुनं चर्च होतं. फायलीत त्यापुढे 'प्रवेश मोफत, आत चित्रं' एवढंच लिहिलं होतं. समोर एक केकचं छोटं दुकान होतं, काचेआड खुर्च्या मांडलेल्या.

"तू ये जाऊन," वन्सं म्हणाल्या. "देव सगळीकडे सारखाच, खुर्ची मात्र इथे आहे."

"एकट्या बसाल?"

"एकटी कुठे? हे एवढे केक आहेत."

मी चर्चच्या पायऱ्या चढले. पुढचं जे घडलं ते मी विचार न करता केलं. दारापाशी छत्री मिटली, पाणी झटकलं, भिंतीला टेकवून उभी केली. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि छत्रीच्या बाजूला जोडीने ठेवले. चर्चमध्ये बूट घालून जातात हे मला ठाऊक आहे, मी वाचलेलं आहे. पण पायांना ते ठाऊक नव्हतं. आमच्या शिवमंदिरात पावसाळ्यात असंच करतो, चपला आणि ओली छत्री बाहेर, मग उंबरा. पंधरा-वीस वर्षं दर सोमवारी केलेली गोष्ट अंगाने त्या परक्या दारात आपोआप केली. मोजे घालून मी आत गेले.

आत कुणी नव्हतं. मेणाचा वास होता आणि फरशी इतकी गार की मोज्यांतून झिणझिण्या आल्या. मी मागच्या बाकावर बसले. हे असते तर प्रत्येक चित्राखालची पाटी वाचली असती, न कळणाऱ्या भाषेतलीसुद्धा, आणि मग मला सांगितलं असतं की इथे काय लिहिलं असावं. त्या सगळ्या दिवसात ज्या दहा मिनिटांत मी घाबरलेली नव्हते ती हीच.

बाहेर आले तेव्हा बूट जागेवर होते. छत्री नव्हती.

मी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. पायऱ्या उतरून खाली गेले, मोज्यांवरच. परत वर आले. भिंतीला छत्री टेकवली होती तिथे पाण्याचा ओघळ अजून ओला होता. आमच्या देवळात चपला जातात, छत्री राहते. इथे उलटं झालं होतं. पाऊस पडत असताना जुन्या बुटांना कोण हात लावणार?

परत आत धावले. मेणबत्त्यांपाशी आता एक म्हातारे गृहस्थ आले होते, कोट घातलेले. मी हाताने छत्री उघडून दाखवली, मिटून दाखवली. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मोजे घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. त्यांनी खांदे उडवले, घड्याळ दाखवलं आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. बारा वाजत होते. मला बाहेर काढून त्यांनी दार लावलं. दारावरच्या पाटीवरून एवढं समजलं की आता तीनला उघडणार.

मी पायरीवर बसून ओल्या मोज्यांवर बूट चढवले. समोर, काचेआड, वन्सं पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कप होता. मला वाटलं, त्यांनी वळून पाहिलं तर मला रडू येईल. त्यांचा भाऊ होता. यांच्या कपड्यांतलं आम्ही काहीच ठेवलं नाही, सगळं वाटून टाकलं, वन्संनीच बांधून दिलं. चष्मा मोडला होता. घड्याळ दवाखान्याच्या गडबडीत कुठे गेलं ते कळलं नाही. यांच्या हाताला रोज लागलेली एकच वस्तू उरली होती आणि ती मी भिंतीला टेकवून आले होते.

रस्ता ओलांडताना मी भिजले. दुकानात शिरल्यावर वन्संनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छत्री?"

"आत ठेवलीय. वाळत."

"वाळत?"

"तिथल्या माणसाने सांगितलं, तीनला या म्हणून."

"बरं आहे. चर्चमध्ये दोऱ्या बांधल्यात वाटतं."

मी चष्मा काढून पुसायला लागले. वन्संनी कप बाजूला सारला. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या दोन मोठ्या पिशव्या काढल्या. आपल्या बायकांच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेल्या असतात त्या. एक माझ्या डोक्याला बांधली, एक स्वतःच्या.

"चल. तीनपर्यंत काय त्या दाराकडे बघत बसणार? पुढचं काय लिहिलंय दादल्याने तुझ्या?"

पुढचं होतं मोठं मंडईघर, छप्पर असलेलं. आम्ही तिथे गेलो. लाल मिरच्यांच्या माळा, लसूण, मोठमोठे मुळे. वरच्या मजल्यावर भरतकामाचे टेबलक्लॉथ टांगलेले. वन्संच्या डोळ्यांत दुकान जागं झालं. त्यांनी एक टेबलक्लॉथ उलटा केला, मागची बाजू नाकापर्यंत आणली.

"हे हातचं नाही. मशीनचं आहे. टाके बघ, एकासारखा एक."

दुकानदारीण इंग्रजीत म्हणाली, हँडमेड, हँडमेड.

"नहीं बहन," वन्सं हिंदीत म्हणाल्या, "मशीन. मैं तीस साल यही काम की हूँ." आणि हाताने शिलाई मशीन चालवून दाखवलं, तोंडाने खडखड आवाज काढत. दुकानदारीण आधी रागावली, मग हसली. तिने आत जाऊन दुसरा एक लहानसा रुमाल आणला. तो वन्संनी उलटा केला आणि मान डोलावली. "हा हातचा." दोघी बोलत राहिल्या, एक हिंदीत आणि एक तिच्या भाषेत, आणि दोघींना समजत होतं.

मी कठड्याशी उभी राहून खाली बघत होते. माणसं दारातून आत येत होती आणि छत्र्या मिटत होती. मिटण्याआधीच्या क्षणी छत्रीची आतली बाजू दिसते. मी प्रत्येक काळ्या छत्रीच्या पोटात बघत होते. एक दिसली, वाकड्या मुठीची. मी जिना उतरून धावत गेले. एका उंच माणसाची होती, आत काही लिहिलेलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी होती, ते मला नंतर आठवलं.

घड्याळात सव्वा झाला होता. मग दीड. समजा ती मिळाली नाही तर? सकाळी सातला विमान आहे. या शहरात मी पुन्हा येणार नाही. ती कुणाच्या तरी घरी दाराआड उभी राहील आणि पावसात कुणी तरी ती उघडेल, आत पांढरी अक्षरं बघेल आणि त्याला ती नक्षी वाटेल.

वन्संना सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच काही तरी बोलले. ठेपला खाताना म्हटलं, चटणी कमी आहे. त्यांनी चटणीचा अख्खा डबा माझ्यापुढे सरकवला.

तिथे बाकावर बसून मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. मी यांना कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या पिढीत बऱ्याच जणींनी मारली, मी नाही मारली. 'अहो' म्हणायची सवय लागली आणि तीच राहिली. बाहेर बोलताना 'हे'. कागदावर मात्र त्यांचं नाव मी हजारदा लिहिलं असेल, कारण ते माझ्याच नावाच्या मधे आहे. लिहायला हात कचरला नाही, म्हणायला जीभ वळली नाही. शिकलेल्या बाईने असं करावं याची मला लाज वाटायची, पण लाज वाटून सवय जात नाही. एकदा, रविवारच्या दुपारी, हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "एकदा घे की नाव. कुणी ऐकत नाहीये." मी हसले. म्हटलं, "आहे वेळ. घेईन कधी तरी." ते पुन्हा पेपर वाचू लागले.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव? मी आधारकार्ड पुढे केलं. ती म्हणाली, "आजी, तोंडाने सांगा ना, इथे लाइन आहे." मागून वन्संनी सांगितलं, खणखणीत. मी कार्ड धरूनच उभी.

अडीचला आम्ही निघालो. ट्राममध्ये वन्संनी आपलं ओलं बोट माझ्या हातावर ठेवलं. "थंडी वाजतेय का?" मी नाही म्हटलं. दात वाजत होते.

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही चर्चसमोर होतो. वन्सं पायऱ्यांपाशी थांबल्या. गुडघे दुखत होते.

"जा, आण तुझी वाळलेली छत्री. मी येतेच मागून."

दार उघडलं ते सकाळच्या गृहस्थांनी नाही. एक बाई होत्या, सत्तरीच्या आत-बाहेरच्या, निळा एप्रन, हातात फडकं. त्यांनी माझा चेहरा पाहिला नाही, सरळ पाय पाहिले. मग हसून स्वतःच्या बुटाकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी बूट काढल्यासारखं केलं. सकाळी त्यांनी मला पाहिलं होतं तर. मी पुन्हा छत्री उघडून दाखवली, हवेत. त्यांनी मान हलवली, तोंडाने वाऱ्याचा सूं सूं आवाज काढला आणि पायऱ्यांवरून काही तरी गडगडत जातंय असं हाताने दाखवलं. मग मला आत बोलावलं, बाजूच्या एका लहान खोलीच्या दारापर्यंत.

छत्री तिथे होती. कोपऱ्यात जमिनीवर उघडून ठेवलेली, आडवी, आतली बाजू आमच्याकडे. खोलीत बादल्या होत्या, केरसुण्या होत्या आणि मधे ती. पांढरी अक्षरं, दुसरी वेलांटी, अंबरनाथ (प.). वाऱ्याने ती गडगडत गेली असणार आणि त्या बाईंनी धावत जाऊन धरून बाजूच्या दाराने इथे आणली असणार. खरोखरच ती वाळत घातलेली होती. माझं खोटं त्या बाईंनी सकाळपासून खरं करून ठेवलं होतं.

मी आत पाऊल टाकलं. बाईंनी दारात हात आडवा धरला.

रागाने नव्हे. पण हात आडवाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि अक्षरांकडे बोट करून एक शब्द म्हणाल्या.

"नेव?"

मला ऐकू आलं, "नाव?"

मला वाटलं कानात पाणी गेलंय. मी म्हटलं, काय? त्यांनी पुन्हा अक्षरांवर बोट नाचवलं. "नेव. नेव?" नंतर घरी आल्यावर मी शोधलं. त्यांच्या भाषेत नावाला नेव म्हणतात. तेव्हा हे कुठे ठाऊक? तेव्हा मला एवढंच वाटलं, की बुडापेस्टच्या चर्चमध्ये एक बाई दार अडवून मला मराठीत नाव विचारतेय.

मी घाईघाईने पासपोर्ट काढला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, माझ्या नावावर बोट ठेवलं, त्याच्या पुढच्या नावावर ठेवलं. मग पुन्हा छत्रीतल्या अक्षरांकडे. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. आणि छत्री कुणाची ते ठरवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. म्हण, मी ऐकते. पासपोर्टातल्या नावाशी जुळलं तर देते.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"काय झालं?" मागे वन्सं होत्या. धाप लागलेली, एक हात भिंतीला. त्यांनी खोलीत पाहिलं, छत्री पाहिली. "आणि ही कशाला दार अडवून उभीय?"

"नाव विचारतायत."

"कुणाचं?"

मी छत्रीकडे बघितलं.

वन्संनी तोंड उघडलं. दवाखान्यात सांगितलं होतं तसंच सांगणार, असं मला वाटलं आणि सुटल्यासारखं झालं. पण त्या थांबल्या. बाईंच्या आडव्या हाताकडे त्यांनी नीट पाहिलं.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या.

"वन्सं, अहो, त्या बंद करतील..."

"करू देत. मी पण अशीच उभी होते. आठवतंय?"

आठवत होतं. तेहतीस वर्षांपूर्वी, कुळगावहून लग्न लागून आम्ही संध्याकाळी अंबरनाथच्या घरी आलो तेव्हा वन्सं दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभ्या होत्या. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. बाकीच्या मागून ओरडत होत्या, नाव घ्या, नाव घ्या. मी आईने पाठ करून घेतलेला उखाणा म्हटला आणि शेवटी नाव इतक्या हळू पुटपुटले की वन्सं म्हणाल्या, ऐकू नाही आलं, पुन्हा. हे शेजारी हसत होते. मी पुन्हा पुटपुटले. तेवढंच. तेव्हा जे दोन वेळा घेतलं, त्यानंतर नाही.

"आता उखाणा नसतो म्हणायचा," मी म्हटलं.

"उखाणा कोण मागतंय? ती फक्त नाव विचारतेय." वन्संचा आवाज फाटला. त्यांनी तो सावरला. "आणि खोटं बोलताना चष्मा पुसू नकोस. तेव्हाच कळलं मला. तीन तास मी काय मजेत चटणी खात होते? घे, बाई. घे आता."

बाई वाट बघत होत्या. हात तसाच. खोलीत बादलीत कुठे तरी थेंब पडत होते.

मी नाव घेतलं. पूर्ण. त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, आणि खाली लिहिलेलं म्हणून अंबरनाथ पश्चिमसुद्धा. हळू नाही आलं ते. त्या रिकाम्या चर्चमध्ये ते वर छतापर्यंत गेलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला, एखादी बाई घरात कुणाला तरी जेवायला हाक मारते तसा.

बाईंनी पासपोर्टवर बोट फिरवत ते नाव म्हणून पाहिलं. वेडंवाकडं, पण तेच. मान हलवली. हात खाली घेतला.

छत्री मिटताना मला दिसलं की त्यांनी तिच्या टोकाला जुन्या कापडाची चिंधी बांधली होती, फरशीवर डाग पडू नयेत म्हणून. मी ती सोडून द्यायला लागले तर त्यांनी राहू दे असं खुणावलं. वन्संनी मंडईत घेतलेला हातचा रुमाल पर्समधून काढून त्यांच्या हातात कोंबला आणि मागे न बघता पायऱ्या उतरायला लागल्या.

बाहेर पाऊस तसाच होता. मी छत्री उघडली, वन्सं तिच्याखाली आल्या. ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आलो.

"दुसरी वेलांटी म्हटलीस की पहिली?" वन्संनी मग विचारलं.

"बोलताना कुठे कळतं ते, वन्सं."

"तेही खरं." त्यांनी डोक्यावरची प्लास्टिकची पिशवी सोडली, झटकली, घडी करून पर्समध्ये ठेवली. "त्याला ऐकायला पाहिजे होतं ते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? यांनी ऐकलं नाही, हे खरंच आहे, आणि ते आता तसंच राहणार आहे. तो रविवार, तो पेपर, ते 'आहे वेळ' मला अजूनही आठवतं आणि आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

ट्राम यायला वेळ होता. नदीवरून वारा आला, छत्री ओढली गेली. मी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि वर बघून, कुणी विचारलेलं नसताना, नाव आणखी एकदा घेतलं. वन्संनी ऐकलं. पण त्या नदीकडे बघत राहिल्या आणि या वेळी 'पुन्हा म्हण' म्हणाल्या नाहीत.